पावसाळ्यात राधानगरी–आंबोली: एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने बघायचं

प्रश्न असा आहे: "पुण्याहून मी आणि माझा कॉलेजचा मित्र जुलैच्या शेवटी चार दिवस काढून साध्या हॅचबॅकने राधानगरी–आंबोली भागात जातोय. धबधबे आणि जंगली प्राणी दोन्ही बघायचेत. गवा, शेकरू, जमलं तर बिबट्या. रस्ता कसा ठेवावा, रात्री गाडी चालवावी का, काळजी काय घ्यावी?"

आधी बिबट्याला यादीतून काढून टाका. आंबोलीत बिबट्या आहे, राधानगरीत आहे, तिलारी ते चांदोली या पट्ट्यातून वाघही ये-जा करतात आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यांत सापडतात. पण ते तुम्हाला बघतील, तुम्ही त्यांना नाही. पंचवीसेक वर्षं मी या रस्त्यांवर पावसाळ्यात जातोय, दहा-बारा वर्षं छोटे गट घेऊन जातोय. बिबट्या मला मोजून तीनदा दिसला आणि त्यातला एकदा नुसती शेपटी. त्याच्या आशेने रात्रभर गाडी फिरवणारे लोक दुसऱ्या दिवशी धबधब्यासमोर गाडीत झोपलेले असतात.

आता महिन्याचं. जुलैचा शेवट धबधब्यांसाठी उत्तम, मोठ्या प्राण्यांसाठी बेताचा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा जुलैत. म्हणजे धबधबा असतो, पण तुमच्या आणि धबधब्याच्या मध्ये धुकं असतं. रजा पुढे सरकत असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात बघा. पाणी अजून भरपूर, मधेच दोन तास ऊन पडतं, सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यांवर, फुलं येतात आणि गवे चरायला उघड्यावर निघतात. फक्त गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस सोडा, कारण तेव्हा मुंबई–गोवा रस्त्यावर अख्खी मुंबई असते. आणि शनिवार-रविवार आंबोलीत राहूच नका. घाटातल्या धबधब्यापाशी स्पीकर, बिअरच्या बाटल्या आणि दोन-दोन किलोमीटर गाड्यांची रांग. सोमवारी तेच ठिकाण ओळखू येत नाही. रजा हलत नसेल तर जुलैतही जा, पण मग बघायची गोष्ट बदलते. ते पुढे सांगतो.

माझ्याकडे सांगायला खरं तर एकच नियम आहे. चालवणाऱ्याने बघायचं नाही आणि बघणाऱ्याने चालवायचं नाही.

हा नियम आम्ही पैसे मोजून शिकलो. आंबोलीजवळच्या चौकुळच्या रस्त्यावर माझा मित्र गाडी चालवत होता. डावीकडे महाधनेश, म्हणजे मोठा हॉर्नबिल, उडाला. कोकणात त्याला गरुड म्हणतात. पंखांचा आवाज गाडीच्या बंद काचेतून ऐकू येतो, एखादं इंजिन सुरू व्हावं तसा. मी ओरडलो, त्याने मान वळवली आणि हातही मानेबरोबर वळले. पुढचं डावं चाक साईडपट्टीच्या चरात. पट्टी इतकी भिजलेली होती की गाडी शांतपणे, जणू बसायलाच निघाल्यासारखी, पोटावर बसली. दोन तास पावसात उभे राहिलो. शेवटी शेताकडे निघालेल्या चार जणांनी ती उचलून बाहेर काढली आणि वर चहाला घरी नेलं. मित्र म्हणाला, "मर्दा, तू बघ, मला फक्त सांग. थांबायचं कुठं ते मी ठरवतो." तेव्हापासून दर तासाला आम्ही जागा बदलतो. चालवणारा फक्त रस्ता बघतो. बघणाऱ्याला काही दिसलं की तो "थांब" म्हणत नाही, "पुढे जागा बघून थांब" म्हणतो. तीन शब्द जास्त, पण मागून येणारी एसटी तुमच्या डिकीत घुसत नाही. पक्षी उडून जातो, हे खरं. जाऊ द्या.

दोघांचा स्वभावही आधी तपासा. ज्याला दिवसाला अडीचशे किलोमीटर कापल्याशिवाय सहल झाली असं वाटत नाही, त्याच्याबरोबर गवा दिसत नाही. माझ्या हिशेबात मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर पुरे.

रस्ता असा ठेवा. पहिल्या दिवशी पुण्याहून पहाटे निघून दुपारपर्यंत कोल्हापूर आणि तिथून राधानगरी. त्या रात्री राधानगरीत. दुसऱ्या दिवशी दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आणि संध्याकाळच्या आत आंबोली. दोन रात्री आंबोलीत. चौथ्या दिवशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करून महामार्गाला लागा. गोल चक्कर आहे, एकच घाट दोनदा येत नाही.

राधानगरीबद्दल एक गैरसमज आधी काढतो. हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ सालचं, गव्यांसाठीच प्रसिद्ध. आता साडेतीनशे चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा त्या यादीत हेही होतं. पण या अभयारण्यातलं दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. दारावर जाऊन चौकीदाराशी हुज्जत घालणारे दरवर्षी भेटतात. त्याची गरजच नाही. देवगड–निपाणी राज्यमार्ग या जंगलाच्या अंगाने जातो आणि पावसाळ्यात गवे आत बसून राहत नाहीत. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात हा रस्ता ताशी पंचवीसच्या वेगाने, काचा खाली करून चालवा. बघणाऱ्याने रस्त्यावर नाही, रस्त्याकडेच्या गवताळ उतारांवर आणि भातखाचरांच्या वरच्या कडेला नजर ठेवायची. उन्हाळ्यात पाण्यापाशी गोळा होणारे प्राणी पावसात विखुरतात, पाणी सगळीकडे असतं. म्हणून पाणवठा शोधू नका, कोवळं गवत शोधा.

शेकरूही इथलंच. सकाळच्या उघडिपीत फांदीवर येतं. आधी घरटं शोधा, उंच झाडाच्या शेंड्याकडे फांद्यांच्या बेचक्यात पानांचा आणि काटक्यांचा मोठा गोळा. एकेक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरात आहेच असं नाही. त्याचा खर्जातला खडखडाट ऐकू आला की मात्र गाडी बंद करा आणि गप्प बसा. पाच मिनिटं. आमच्या गटांतल्या बहुतेकांना ही पाच मिनिटं जमत नाहीत.

राऊतवाडीचा धबधबा राधानगरीपासून जवळ आहे. मोठा, सरळ कोसळणारा, अंगावर तुषार घेत बघण्यासारखा. दुपारी जा, पहाट त्यावर घालवू नका. धबधबा दुपारीही तिथेच असतो. गवा नसतो. लोक नेमकं उलटं करतात, सकाळी चहा-पोहे-धबधबा आणि सूर्य डोक्यावर आला की "चला, आता प्राणी बघू."

राधानगरी धरण बघायला थांबा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत जातं. कोल्हापुरात जुलैत गप्पांचा विषय हाच असतो, आज किती दरवाजे उघडले. तुमच्यासाठीही ही बातमी कामाची आहे. दोन-चार दरवाजे उघडले आणि पाऊस थांबत नसेल तर खाली पंचगंगेला पाणी चढतं, बंधारे बुडतात आणि छोटे रस्ते बंद होतात. निघायच्या सकाळी स्थानिक बातम्या बघा. नकाशातलं अ‍ॅप बुडालेल्या बंधाऱ्यावरून बिनधास्त रस्ता दाखवतं. पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी घालू नका. गुडघ्याएवढं वाहतं पाणी हॅचबॅक उचलतं.

फोंडा घाट उतरून खाली आलात की सावंतवाडीपर्यंत चौपदरी रस्ता, तिथे सांगण्यासारखं फार नाही. सावंतवाडीत जेवा, टाकी भरा, चितारआळीत लाकडी खेळणी बघायची असतील तर बघा. ताजी समुद्रातली मासळी मागू नका. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताटात येतो तो बहुधा बर्फातला मासा. त्यापेक्षा सुकटीची चटणी, कुळथाची पिठी, फागलाची, म्हणजे कर्टोलीची, भाजी मिळाली तर नशीब समजा.

आता आंबोली. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

आंबोली घाटमाथ्याच्या अगदी काठावर बसली आहे, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांना इथे पहिल्यांदा डोंगर आडवा येतो. घाटात रस्त्यालगत कोसळणारा मुख्य धबधबा तो हाच, सगळ्या फोटोंतला. त्याचं पाणी पश्चिमेला उतरून थेट अरबी समुद्राकडे जातं. आणि तिथून थोड्याच अंतरावर हिरण्यकेशीच्या देवळात गुहेतून जे पाणी बाहेर येतं, ते पूर्वेला वळतं, आजऱ्यावरून घटप्रभेला, घटप्रभेतून कृष्णेला आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. एकाच पावसाचे दोन थेंब, एकाला समुद्र जवळ, दुसऱ्याला भलताच लांब. दोन्ही ठिकाणी एका सकाळीत जा, म्हणजे घाटमाथा म्हणजे काय ते पायाला कळतं.

हिरण्यकेशीच्या कुंडात वाकून बघा. हात घालू नका. २०२० साली इथून माशाची एक नवी जात शास्त्रात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटभर लांबीची. पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्या कुंडात नाणी टाकणं, पीठ टाकणं, पाय धुणं हे सगळं आपल्याकडे भक्तीच्या नावाखाली चालतं. करू नका आणि मित्रालाही करू देऊ नका.

जुलैत बघायची गोष्ट बदलते म्हणालो ती ही. मोठे प्राणी ढगात, पण लहान प्राण्यांचं अख्खं वर्ष या दोन-तीन महिन्यांत घडतं. संध्याकाळी सातनंतर तुमच्या खोलीच्या मागच्या पाण्याच्या टाकीपाशी उभे राहा. मलबारी ग्लायडिंग बेडूक टाकीवर झुकलेल्या फांदीवर येतात, पोपटी हिरवे, बोटांमधले पडदे केशरी-लाल. मादी अंगातून पाझरणारा स्राव मागच्या पायांनी फेटते. ताक घुसळावं तसं, एका लयीत, मिनिटांमागून मिनिटं. हळूहळू पांढरा फेस वर येतो, त्यात अंडी आणि वरून पानं दुमडून चिकटवलेली. बाहेरचा फेस वाळून पापुद्रा धरतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पावसाने घरटं मऊ पडलं की बेडकाची पिल्लं एकेक करून खालच्या पाण्यात टपकतात. मी एकदा ते टपकणं बघत पाऊण तास उभा होतो. मित्र छत्री धरून शेजारी उभा होता आणि पूर्ण वेळ भजी खात होता.

आंबोलीच्या नावाचाही एक बेडूक आहे, आंबोली टोड. अंगठ्याएवढा, २००९ साली शास्त्रात नोंदला गेला आणि जगात फार थोड्या जागी सापडतो. जांभ्याच्या सड्यावर दोन-चार इंच खोल डबक्यांत त्याचा सगळा संसार. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत त्याला बघायची खरी वेळ, जुलैअखेर कमी. तुम्हाला सांगायचं कारण वेगळं आहे. "सड्यावर गाडी घालून मस्त फोटो येतात" असं कुणी सांगितलं तर घालू नका. ज्या डबक्यात तुमचं चाक जाईल ते डबकं रिकामं नसतं.

त्याच कारणासाठी रात्री गाडी चालवू नका. रात्री चाला. ओल्या रस्त्यावर खेकडे, बेडूक, साप ऊब घ्यायला आणि ओलांडायला येतात. सकाळी आठला आंबोली–चौकुळ रस्त्यावर चालत गेलात तर चेपलेल्या खेकड्यांवरून रात्री किती गाड्या गेल्या ते कळतं. स्थानिक वाटाड्या घ्या, इथली बरीच तरुण मुलं हे काम उत्तम करतात. फक्त एक बघा. वाटाड्या काठीने साप उचलून तुमच्या फोटोसाठी मोकळ्या फांदीवर ठेवत असेल तर दुसऱ्या रात्री दुसरा वाटाड्या. मी एकदा असा प्रकार घडू दिला, गटातल्या लोकांना फोटो मिळाले, आणि त्या रात्रीचा माझा सगळा उत्साह गेला. चापडा, म्हणजे मलबारी पिट व्हायपर, एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसतो, भक्ष्य खालून जाईपर्यंत. हिरवा, तपकिरी, पिवळट, एकाच जातीत इतके रंग की दोन शेजारी बसलेले चापडे वेगळ्या जातींचे वाटतात. त्याला उचलून हलवलं की त्याची ती निवडलेली जागा गेली.

बॅटरी घेताना दोन घ्या, प्रत्येकी एक. आणि एकदा तरी दोन्ही बंद करा. दाट झाडीच्या कडेला, वाटाड्या बरोबर असताना, दहा मिनिटं पूर्ण अंधारात उभे राहा. मोबाइलही नाही. आधी काहीच दिसत नाही, मग कुजलेल्या फांदीवर फिकट हिरवी रेघ उमटल्यासारखी वाटते. ती उजेड देणारी बुरशी. फोटोंत ती झगझगीत हिरवी दिसते कारण कॅमेरा मिनिटभर डोळे उघडे ठेवतो. तुमच्या डोळ्यांना ती इतकी फिकी दिसेल की खरंच दिसली का अशी शंका येईल. माझ्या मते तीच जास्त छान.

पहाटेचंही सांगतो. साडेपाचच्या सुमारास ओढ्याच्या बाजूने कुणीतरी शिट्टी मारतंय असं वाटेल, शाळकरी मुलगा सूर आठवत मारतो तशी, मधेच चुकणारी. तो शीळकरी कस्तूर. पहिल्या वर्षी माझा मित्र चिडून बाहेर आला होता, "पहाटे पहाटे शिट्टी कोण मारतंय रे?" पक्षी निळा-काळा, वाहत्या पाण्याजवळच्या दगडांवर दिसतो. धबधब्यापाशी पाणी बघून झालं की दगड बघा, तोही दिसेल.

आंबोलीतल्या बाकी धबधब्यांबद्दल माझं मत सरळ आहे. नांगरतास हा आजऱ्याच्या दिशेने दहा किलोमीटरवर, रस्त्यालगत. अरुंद, खोल फटीत पाणी कोसळतं आणि आवाज आधी येतो. चौथ्या दिवशी जाता जाता थांबा. कुंभवड्याचा बाबा धबधबा, त्याच्या पडद्यामागे चालत जाता येतं, मला तो घाटातल्या मुख्य धबधब्यापेक्षा आवडतो. कावळेसाद गेळे गावाच्या हद्दीत, तिथे दरीतून येणारा वारा पाणी उलटं वर फेकतो. वारा पडला की काहीच नाही, फक्त धुकं, मग थांबायची तयारी हवी. आणि तिथला कठडा ओलांडायचा नाही. इथून माणसं खाली पडली आहेत, आणि कड्यावरचं गवत पावसात साबणासारखं असतं.

पाण्यात उतरण्याबद्दल. धबधब्याखालच्या पाण्याला तुमच्या डोक्यावरच्या पावसाशी देणंघेणं नसतं, वरच्या डोंगरावर काय पडतंय त्याच्याशी असतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. काही मिनिटांत लोंढा आला. खुणा शिकून ठेवा. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहायला लागल्या, किंवा आवाज जाड झाला की चपला सोडा, मोबाइल सोडा, आधी काठावर या आणि मग आणखी वर. दोघांपैकी एकाने कायम काठावर कोरडं राहायचं. गाडीतला नियम इथेही, एक पाण्यात, एकाची नजर वर.

गवा समोर आला तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण तो येईल. आंबोलीत तर आता हॉटेलच्या आवारातही येतो. नर हजार किलोपर्यंत भरतो, जवळजवळ तुमच्या हॅचबॅकइतका. धुक्यात तो आधी दिसत नाही. काळा, त्यात ओला, प्रकाश गिळून टाकतो. आधी दिसतात गुडघ्याखालचे पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. चार पांढरे मोजे हवेत उभे दिसले की पन्नास मीटरवर थांबा. हॉर्न नाही. अप्पर मारायचा नाही, डिपरवर ठेवा. इंजिन चालू, काच वर. कळप असेल तर पहिला गेला म्हणून निघू नका, पिल्लं मागे असतात आणि सगळ्यात शेवटी पुष्कळदा मोठी मादी. शेवटचा गेल्यावर शंभरपर्यंत मोजा. एकटा नर आडवा उभा राहून आपली अख्खी बाजू दाखवायला लागला, मान खाली घातली, फुरफुरला, तर तो तुम्हाला आपला आकार सांगतोय. वाद घालू नका. मागून गाडी नाही हे बघून हळू मागे या. गाडीतून उतरून सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, संपादित करावं लागेल.

आजरा–चंदगड–दोडामार्ग भागात हत्तीही आहेत. २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गात उतरले आणि तेव्हापासून हा त्यांचाही मुलूख झाला. आजऱ्याच्या बाजूला गावकरी "पुढे हत्ती हाय" म्हणाले तर ती धमकी नाही आणि आमंत्रणही नाही. वळा. त्यांच्या शेतातला ऊस-भात तुडवला गेलेला असतो, त्यांच्यासाठी हा फोटोचा विषय नाही.

गाडीचं थोडक्यात. टायर गुळगुळीत असतील तर निघूच नका. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी चालते, घाटातल्या पावसाला तीन तरी हवी. वायपरचे रबर नवे घाला. काचेवर आतून वाफ धरली की एसी चालू करून हवा काचेवर सोडा, कपड्याने पुसत बसू नका. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारा मित्र असेल तर त्याला बसने पाठवा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. जिथे डोंगराच्या अंगावरून ताजी लाल माती ओघळलेली दिसते तिथे फोटोसाठीसुद्धा उभे राहू नका. मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

जळवा लागतील. मीठ टाकून, काडी ओढून त्यांना चटके देऊ नका. नखाची कड तोंडाखाली सरकवली की सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, घाबरायचं कारण नाही. साप चावला तर घाबरा, पण धावू नका. आवळपट्टी नाही, ब्लेड नाही, मांत्रिक नाही. पाय न हलवता १०८ किंवा स्वतःच्या गाडीने जवळचं सरकारी रुग्णालय. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, चापड्यासाठी नाही. म्हणून तिथे उपचार लक्षणांवर होतात आणि डॉक्टरांना साप कसा होता हे नीट सांगणं महत्त्वाचं. सापाला पकडून बरोबर नेऊ नका, फोटो पुरे.

दुर्बीण एकच असली तरी चालेल, ८×४२ ची. बघणाऱ्याच्या गळ्यात. गळ्यातली दुर्बीण आणि स्टिअरिंग एकत्र यायला नको, एवढंच.

परतताना आजऱ्याला रामतीर्थावर हिरण्यकेशी पुन्हा भेटेल, आंबोलीतल्या कुंडातली तीच, आता रुंद आणि तांबडी. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या, भौगोलिक मानांकन मिळालेला, शिजताना घरभर वास सुटतो. तो डिकीत ओल्या बुटांशेजारी ठेवू नका. आम्ही ठेवला होता. पाच किलो.